जुन्या जपानी त्सुबा आणि तलवारीचा साज: फेरफार कसे ओळखायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागोयात एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी अकरा वर्षं काढली. तिथे ओसू कान्नोन देवळाच्या आवारात दर महिन्याच्या १८ आणि २८ तारखेला जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. पहिली त्सुबा तिथेच हातात आली. डाय बनवणाऱ्याला कानशीच्या खुणा वाचायची सवय असतेच, त्यामुळे त्या लोखंडावर कोणी, कधी, कशासाठी हात चालवला असेल याचा नाद लागला तो आजतागायत. पुण्याला परत आल्यावर जपानात नोकरीला गेलेली आपली मुलं-मुली फोटो पाठवून विचारत असतात, "काका, ही घेऊ का?" त्या सगळ्यांना दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

त्सुबा म्हणजे नेमकं काय? आणि बाकीचा साज कोणता?

आपल्याकडच्या मराठा धाटणीच्या तलवारीला बोटं वाचवणारी परज असते. जपानी तलवारीला पातं आणि मूठ यांच्यामध्ये एक चपटी थाळी असते, ती त्सुबा. कातानाची, म्हणजे लांब तलवारीची, त्सुबा साधारण सात ते आठ सेंटिमीटरची असते, वाकिझाशीची, म्हणजे आखूड तलवारीची, त्याहून लहान. मधलं उभट भोक पात्याच्या मुठीत जाणाऱ्या भागासाठी असतं, त्याला नाकागो-आना म्हणतात. त्याच्या दोन बाजूंना दोन भोकं असू शकतात. डावीकडचं अर्धचंद्रासारखं भोक कोझुकासाठी, म्हणजे म्यानात राहणाऱ्या लहान सुरीच्या दांड्यासाठी. उजवीकडचं तीन पाकळ्यांचं भोक कोगाईसाठी, म्हणजे केस सारखे करायच्या सळईसाठी. ही दोन भोकं म्हणजे हित्सु-आना. मधल्या भोकाभोवतीचा लंबगोल सपाट भाग म्हणजे सेप्पा-दाई. त्यावर पातळ चकत्या बसतात, आणि कारागिराची सही, म्हणजे मेई, असलीच तर तिथेच असते.

त्सुबा पाहताना भोकाची धारेकडची अरुंद बाजू वर आणि मुठीकडची बाजू आपल्याकडे धरायची. डावं-उजवं त्यावरून ठरतं. बाकीच्या साजात मुठीच्या सुरुवातीचं कडं (फुची), मुठीच्या टोकाची टोपी (काशिरा), मुठीच्या दोन्ही अंगांना दोऱ्याच्या गुंफणीखाली बसणारी लहान शिल्पं (मेनुकी), आणि वर सांगितलेले कोझुका व कोगाई येतात.

फेरफार झालेली त्सुबा म्हणजे खोटी का?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज याच बाबतीत आहे, म्हणून हे आधीच सांगतो.

त्सुबा तलवारीला कायमची जोडलेली नसते. मुठीची बांबूची खीळ काढली की सगळा साज सुटा होतो. सामुराईच्या घरात पातं तेच राहायचं आणि साज बदलायचा. कधी फॅशन बदलली म्हणून, कधी नवं पातं आलं म्हणून, कधी दरबारी पोशाखाला साजेसा हवा म्हणून. मुरोमाची काळातल्या (चौदावं ते सोळावं शतक) लोखंडी त्सुबेने एदो काळ (१६०३–१८६८) संपेपर्यंत चार-पाच पाती पाहिलेली असू शकतात. दर वेळी भोक थोडं कानसलं गेलं, तांब्याचा तुकडा ठोकला गेला, हित्सु-आना पाडलं किंवा बुजवलं गेलं. हे वापरातले फेरफार, आणि त्या वस्तूच्या आयुष्याचाच भाग.

दुसऱ्या जातीचे फेरफार प्रामुख्याने नंतरचे. २८ मार्च १८७६ च्या फर्मानाने सर्वसामान्य सामुराईंना तलवार बाळगून हिंडायची बंदी झाली. साज सुटा होऊन बाजारात आला, योकोहामामार्गे टोपल्याच्या टोपल्या भरून युरोप-अमेरिकेत गेला, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यासाठी त्यावर काम होऊ लागलं. साध्या लोखंडावर सोनं चढलं, बिनसहीच्या वस्तूवर नामांकित सही आली, मेनुकीचे ब्रोच झाले. खोट्या सह्या मात्र १८७६ च्या कितीतरी आधीपासून मारल्या जात होत्या.

तेव्हा प्रत्येक खुणेला मी एकच प्रश्न विचारतो: हे तलवारीसाठी केलं की गिऱ्हाइकासाठी? पहिलं असेल तर किंमत थोडी खाली-वर होईल. दुसरं असेल तर मी वस्तू खाली ठेवतो.

मधल्या भोकावरून काय कळतं?

जवळजवळ सगळं. मी आधी चित्राकडे पाहत नाही, भोकाकडे पाहतो.

तीन गोष्टी बघा. पहिली, भोकाच्या वर-खाली बसवलेले तांब्याचे तुकडे. त्यांना सेकिगाने म्हणतात. मऊ तांबं पात्याला घट्ट धरतं आणि घासत नाही. हे तुकडे जुने असतील तर लोखंडाशी एकजीव झालेले दिसतात, काळपट तपकिरी रंग आलेला असतो, आणि पात्याच्या घासणीने आतली कड गुळगुळीत झालेली असते. तांबं ताजं, गुलाबी आणि कडा धारदार असतील तर ते गेल्या काही वर्षांत बसवलं आहे.

दुसरी, भोकाच्या काठावरच्या ठोक्यांच्या खुणा. पातं सैल बसत असेल तर छिन्नीने काठावर ठोके देऊन धातू आत सरकवायचे. काही घराण्यांत हे ठोके इतके ठरावीक जागी असतात की तीच त्या घराण्याची ओळख ठरते. खोट्या वस्तूंवर नुसत्या जुनेपणासाठीही ठोके मारतात. मग भोकाच्या आत बोट फिरवून बघा. खरा ठोका बसला तर धातू आतल्या बाजूला फुगून आलाच पाहिजे. वर खळगा आहे आणि आतली भिंत सरळ आहे, असं असेल तर तो ठोका पात्यासाठी पडलेला नाही.

तिसरी, भोकाची भिंत. उजेड तिरका पाडून दहा पटीच्या भिंगातून बघा. जुनं लोखंड असेल तर आतल्या भिंतीवरही थाळीवरच्यासारखाच गडद थर हवा. भिंतीवर कानशीच्या समांतर रेषा चमकत असतील तर भोक नव्याने वाढवलेलं आहे. अलीकडच्या सरावाच्या तलवारीवर जुनी त्सुबा बसवण्यासाठीही असं करतात. मला त्याचं वाईट वाटतं, पण त्यात लबाडी नसते.

भोकाची दिशाही बघा. काताना कमरेला धार वर करून खोचतात, जुनी ताची मात्र धार खाली ठेवून टांगतात. धारेची बाजू वर धरल्यावर त्सुबेवरचं चित्र उलटं दिसत असेल, तर ती मुळात ताचीची असून पुढे कातानासाठी वापरात आणली असण्याची शक्यता मोठी. हाही वापरातलाच फेरफार.

बाजूचं भोक मुळातलं की नंतर पाडलेलं?

मुळातलं भोक नक्षीला धरून असतं. कारागिराने आखणी करताना त्याला जागा ठेवलेली असते. ओवारी आणि आकासाका घराण्यांच्या जाळीदार (सुकाशी) त्सुबांत तर हित्सु-आनाची कड हीच नक्षीची एक रेषा असते. नंतर पाडलेलं भोक नक्षी कापत जातं.

ओसूच्या बाजारातली माझी आवडती त्सुबा अशीच आहे. गोल, लोखंडी, प्लमच्या फांदीची जाळी. उजवीकडची फांदी मधेच तुटते आणि तिथे तीन पाकळ्यांचं भोक सुरू होतं. एक फूल तर अर्धंच उरलं आहे. बाजारात बसलेल्या आजोबांनी स्वतःच बोट ठेवून दाखवलं. घरी येऊन भिंगाखाली धरली, तेव्हा कापलेल्या कडेवर थाळीइतकाच काळा, दाट थर होता आणि फुलाची कापलेली पाकळी हाताळून हाताळून गोल झालेली होती. म्हणजे भोक पाडल्यावरही ही त्सुबा बराच काळ कमरेला होती. कोणाला तरी कोगाई असलेलं म्यान मिळालं असेल, त्यासाठी त्याने फुलावर छिन्नी चालवली. मी ती घेतली, आणि त्या कापलेल्या फुलासकट घेतली.

मऊ धातूच्या त्सुबेवर याहून सोपी खूण असते. शाकुदोच्या, म्हणजे थोडं सोनं मिसळलेल्या काळ्या तांब्याच्या, जमिनीवर नानाको काढतात, म्हणजे माशाच्या अंड्यांसारखे बारीक गोल दाणे, एकेक करून ओळीत ठोकलेले. मुळातल्या भोकाभोवती या ओळी भोकाच्या कडेला धरून नीट संपतात, किंवा कडेला एक साधी पट्टी सोडलेली असते. नंतर पाडलेल्या भोकापाशी दाणे अर्धे कापलेले दिसतात, एखाद्या विणलेल्या कापडाला कात्री लावावी तसे.

थाळी पातळ आणि घराणं फार जुनं असेल, म्हणजे ज्यांना को-तोशो आणि को-काच्चुशी म्हणतात त्या साध्या लोखंडी त्सुबा, तर बाजूची भोकं नंतरची असणं अगदी नेहमीचं आहे. तिथे नंतरच्या भोकावरून कोणी भाव पाडून मागू लागलं तर ते मला पटत नाही.

भोक शिशाने किंवा दुसऱ्या धातूने बुजवलेलं आहे. ते चालतं का?

चालतं. कोझुका-कोगाई नसलेल्या म्यानावर त्सुबा बसवताना रिकामी भोकं बरी दिसत नसत, म्हणून शिसं ओतत किंवा शाकुदोचा नेमका तुकडा बसवत. शिशावर राखाडी, मऊ, किंचित पांढुरका थर चढतो आणि बारीक ओरखडे असतात. शाकुदोचा तुकडा चांगल्या हाताचा असेल तर सांधा नखाला लागतसुद्धा नाही.

सावध व्हायचं ते इपॉक्सी आणि आधुनिक डाख दिसला तर. इपॉक्सीवर सुईचं टोक टेकवलं तर प्लास्टिकसारखं लागतं, आणि अतिनील टॉर्चखाली ते बहुधा वेगळं चमकतं. कारखान्यातला कथलाचा डाख चकचकीत पांढरा असतो आणि भोकाच्या कडेबाहेर पसरलेला दिसतो.

लोखंडी त्सुबेवरचं सोनं नंतर चढवलंय हे कसं ओळखायचं?

हे मी पैसे घालवून शिकलो. एका ऑनलाइन लिलावात चार पाकळ्यांच्या आकाराची (मोक्को) लोखंडी त्सुबा घेतली. पावसाळी गवत, त्यावर सोन्याचे दवबिंदू. फोटोत फार देखणी होती. पार्सल उघडून भिंग लावलं आणि पोटात गोळा आला. लोखंडावर गंजाने खाल्लेले बारीक खड्डे होते, आणि सोनं त्या खड्ड्यांच्या तळापर्यंत उतरलेलं होतं.

यातला क्रम समजून घ्या. लोखंडावर पातळ सोनं बसवायची जुनी रीत म्हणजे नुनोमे-झोगान. आधी पृष्ठभागावर छिन्नीने कापडाच्या विणीसारख्या आडव्या-उभ्या बारीक रेघा पाडतात, त्यावर सोन्याचा पत्रा ठोकून बसवतात. त्यानंतर शे-दोनशे वर्षांत गंज लागला तर तो सोन्याच्या खालून, बाजूने येतो. सोनं उचललं जातं, तुटतं, झडतं, आणि झडलेल्या जागी ती आडवी-उभी वीण उघडी पडते. सोनं खड्ड्याच्या आत बसलं आहे, याचा अर्थ गंज आधी आणि सोनं नंतर. म्हणजे ती जुनी, साधी, गंजलेली त्सुबा होती आणि विकण्यासाठी सजवली होती.

म्हणून सोनं झिजलेल्या जागा शोधा. वीण दिसली तर बरं. खाली गुळगुळीत लोखंड किंवा तांब्या-निकेलचा थर दिसला तर तो मुलामा आहे. सगळं सोनं सारखंच पिवळं, उंचवट्यांवरही अजिबात न झिजलेलं, असं असेल तरी शंका घ्या. कमरेला लावलेल्या त्सुबेवर बाहीची घासणी होते, आणि उंचवटे आधी झिजतात.

गंज आणि रंग यांवरून वय कळतं का? घरी साफ केली तर?

रंगावरून वय कळत नाही, पण कोणी रंग बदलला का ते कळतं. जुन्या लोखंडाचा रंग काळसर तपकिरी आणि खोल असतो, त्याला हाताळणीची एक मऊ चमक असते. थाळीच्या कडेला, म्हणजे मिमीवर, कधी गाठीसारखे उंचवटे दिसतात, त्यांना तेक्कोत्सु म्हणतात, लोखंडाची हाडं. घडीव लोखंडात कठीण आणि मऊ भाग मिसळलेले असल्याने ते येतात. तारेच्या ब्रशने किंवा आम्लाने साफ केलेली त्सुबा राखाडी आणि मेलेली दिसते. ती झाकायला मग काळा लाख, मेण किंवा बुटाचं पॉलिशसुद्धा लावतात. कापसाच्या बोळ्याला थोडं स्पिरिट लावून कोपऱ्यात टेकवा. बोळा काळा झाला तर प्रश्न विचारायला सुरुवात करा. (वस्तू आपली झाल्यावर. दुकानात कोणाच्या मालावर स्पिरिट लावू नका.)

मऊ धातूंच्या बाबतीत आपल्या घरांतली एक सवय फार घातक आहे. शाकुदो म्हणजे तांब्यात थोडं, साधारण तीन ते पाच टक्के सोनं. शिबुइची म्हणजे नावाप्रमाणे चौथा हिस्सा चांदी, बाकी तांबं. या मिश्रधातूंचा खरा रंग तांबूसच असतो. विशिष्ट द्रावणात उकळल्यावर शाकुदोला जांभळट काळा आणि शिबुइचीला राखाडी रंग येतो. तो थर केसाहूनही पातळ असतो. एका ओळखीच्या घरी जपानहून आलेली शाकुदोची फुची दिवाळीच्या साफसफाईत तांब्याच्या गडव्याबरोबर चिंच-मीठ लावून घासली गेली. माझ्या हातात आली तेव्हा ती लखलखीत तांब्याची अंगठी दिसत होती. नानाकोचे दाणे शाबूत, पक्षी शाबूत, रंग मात्र संपला. जपानात हा रंग पुन्हा चढवणारे कारागीर आहेत, पण तो पुन्हा चढवलेला रंगच. तेव्हा कोणत्याही काळ्या जपानी धातूला चिंच, लिंबू, राख, पावडर काही लावू नका. मऊ सुती फडकं पुरतं.

लोखंडावर लाल, भुकटीसारखा गंज असेल तर तो थांबवायला हवा. जुनी रीत म्हणजे हाडाचा किंवा शिंगाचा तुकडा घेऊन गंज हळूहळू खरवडायचा आणि कापडाने चोळत राहायचं. आठवडे लागतात. काळा थर राहतो, लाल निघून जातो.

ओतीव नक्कल कशी ओळखायची? वाजवून कळतं का?

वाजवून कळतं असं बरेच जण सांगतात. मला त्यावर भरवसा नाही. भोकं शिशाने बुजवलेली असतील, सेकिगाने असेल, जाळी मोठी असेल तर चांगली घडीव त्सुबाही बद्द वाजते.

जाळीच्या आतल्या भिंती बघा. हाताने कापलेल्या जाळीत कानशीच्या आणि करवतीच्या बारीक खुणा असतात, कोपरे टोकदार असतात. ओतीव कामात कोपरे किंचित वितळल्यासारखे गोल होतात, भिंतीच्या मध्यावर साच्याची रेघ असते किंवा ती घासून काढल्याची खूण असते. पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे गोल छिद्र दिसतात. गंजाचे खड्डे वेडेवाकडे असतात, वायूच्या बुडबुड्यांचे गोल असतात. ओतीव नानाको तर लगेच कळतो, दाण्यांमधली दरी भरलेली असते.

सही आहे. मग चिंता नाही ना?

सही असली की चिंता वाढते. खोट्या सहीला गिमेई म्हणतात, आणि नोबुइए, कानेइए, यासुचिका, सोमिन अशा मोठ्या नावांच्या खोट्या सह्या शेकड्याने सापडतात. हिकोने इथल्या सोतेनच्या नावाने झालेलं काम इतकं आहे की ते नाव दिसलं की मी आधी ते सोतेनच्या धाटणीचं काम समजतो.

अक्षरांचं वळण तपासायला तज्ज्ञ लागतो. क्रम मात्र कोणालाही तपासता येतो. सही भोकाला अगदी लागून असते. भोक नंतर रुंद केलं तर अक्षराचा काठ खाल्ला जायला हवा. भोक स्पष्टपणे वाढवलेलं आहे आणि शेजारी अक्षरं मात्र पूर्ण, उरलेल्या जागेत दाटीवाटीने बसलेली आहेत, तर सही भोकानंतरची. तसंच छिन्नीच्या ठोक्याचं. अक्षर आधीचं असेल तर ठोक्याने ते दबतं, वाकतं. अक्षराची रेघ ठोक्याच्या खळग्यात उतरून पलीकडे चढत असेल तर ठोका आधीचा. गंजाच्या खड्ड्यावरून रेघ गेली असेल तरीही तेच. अक्षराच्या आतला रंगही बघा. आत चकचकीत आणि बाहेर काळं, किंवा आत रंग भरल्यासारखा काळा आणि बाहेर तपकिरी, दोन्ही वाईट.

बिनसहीच्या उत्तम त्सुबा भरपूर आहेत. मी स्वतः सही नसलेल्या वस्तू जास्त विश्वासाने घेतो.

फुची-काशिराच्या जोडीत काय गडबड असते?

फुचीच्या वरच्या बाजूला एक चपटी पट्टी डाखाने जोडलेली असते, तिला तेन्जो-गाने म्हणतात. सही बहुधा याच पट्टीवर. म्हणजे एखाद्या मोडक्या फुचीची सहीची पट्टी काढून दुसऱ्या साध्या फुचीला लावली की काम झालं. पट्टी आणि कडं यांच्या सांध्यावर डाख ओघळला आहे का, उष्णतेने आजूबाजूचा रंग बदलला आहे का, पट्टीचा लंबगोल कड्याशी तंतोतंत जुळतो का, पट्टीतल्या भोकाची झीज आणि कड्याची झीज सारखी आहे का, हे सगळं पाहा. जोडी जमवलेली असेल तर दोघांचे नानाकोचे दाणे एका आकाराचे नसतात. एका सेंटिमीटरमध्ये किती दाणे बसतात ते दोन्हींवर मोजून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

कोगाईचा कोझुका केला म्हणजे काय? ती फसवणूक आहे का?

माझ्या मते हा सगळ्यात सुंदर फेरफार. गोतो घराण्याने, ज्याचा मूळ पुरुष युजो (१४४०–१५१२), पिढ्यान्‌पिढ्या सत्ताधीशांसाठी मऊ धातूचा साज घडवला. पुढे कोगाईला मागणी कमी झाली, कोझुकाला वाढली. तेव्हा जुन्या गोतो कोगाईचा नक्षीचा भाग कापून नव्या कोझुकाच्या चौकटीत बसवत. याला कोगाई-नाओशी म्हणतात. नक्षीच्या पट्टीभोवती सांध्याची रेघ दिसते, आणि चित्र कोझुकाच्या मापात थोडं आखडलेलं वाटतं, कारण ते दुसऱ्या आकारासाठी आखलेलं होतं.

पुढच्या पिढीतले गोतो प्रमुख कधी कधी मागच्या बाजूला पूर्वजाचं नाव, त्याआधी "मोन" हे अक्षर आणि शेवटी स्वतःचं नाव कोरत. अर्थ असा की नक्षी अमुक पूर्वजाची आहे, हे मी पारखून सांगतो. बाकीचं सगळं नवं आहे हे त्यात उघड मान्य केलेलं असतं. फेरफार करणाऱ्याने स्वतःच तो लिहून ठेवलाय. अर्थात अशा सह्याही खोट्या मारल्या गेल्या.

आजोबांच्या पेटीत जपानी दांड्यांच्या फळं कापायच्या सुऱ्या सापडल्या. त्या काय असाव्यात?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपात कोझुकाचे दांडे घेऊन त्यांना फळं कापायची पाती बसवत. दांडा मूळचा असू शकतो, पण बरेच दांडे याच निर्यातीसाठी बनलेले आणि साधेच असतात. मेनुकीचंही असंच. मागे ब्रोचची पीन किंवा कफलिंकची दांडी डाखून लावलेली असते. ती काढली तरी आत डाखाचा पांढरा डाग राहतो आणि मेनुकीचा मूळ खुंट कापलेला असतो. अशी पीन स्वतः काढायला जाऊ नका, उष्णतेने रंग जातो.

त्सुबेवर क्रॉस आहे. ती ख्रिस्ती सामुराईची असेल का?

गोव्यातून हा प्रश्न हमखास येतो, आणि का येतो ते समजतं. फ्रान्सिस झेवियर गोव्याहूनच निघून १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमाला उतरले. पुढे पोर्तुगीज जहाजं गोव्याहून मकावमार्गे नागासाकीला जात. १६१४ साली जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली.

पण त्सुबेवरचा प्रत्येक क्रॉस ख्रिस्ती नसतो. वर्तुळातला क्रॉस हे सात्सुमाच्या शिमाझू घराण्याचं चिन्ह आहे, आणि घोड्याच्या लगामाच्या कडीचं चिन्हही तसंच दिसतं. शिवाय ख्रिस्ती त्सुबांना संग्राहक जास्त पैसे मोजतात, म्हणून साध्या जुन्या थाळीत नंतर क्रॉस कापलेले असतात. क्रॉसच्या आतल्या भिंती बाकीच्या भोकांच्या भिंतींशी ताडून बघा. एका थाळीत दोन वयांच्या भिंती दिसल्या तर उत्तर मिळालं.

प्रमाणपत्र असेल तर डोळे मिटून घ्यावी का?

निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई ही १९४८ साली स्थापन झालेली संस्था पारख करून होझोन, तोकुबेत्सु होझोन अशी प्रमाणपत्रं देते. त्यांचा शब्द मानतात, मीही मानतो. पण कागद घराणं आणि सही यांबद्दल बोलतो, भोक कधी वाढवलं याचा हिशोब देत नाही. आणि कागदावरचा फोटो हातातल्या वस्तूशी जुळवायचं काम आपलं. सेकिगानेचा आकार, ठोक्यांच्या जागा, कडेचा एखादा खड्डा, हे एकेक करून जुळवा. किरी लाकडाच्या पेटीवरच्या लिखाणाला तेवढंही वजन देऊ नका. पेट्यांची अदलाबदल फार होते.

ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडे कोणते फोटो मागू?

दोन्ही बाजू, सपाट उजेडात. मग तिरक्या उजेडात सेप्पा-दाई जवळून. कडेचा फोटो चारही बाजूंनी. आणि भोकांच्या आतल्या भिंती दिसतील असा तिरका फोटो. हा शेवटचा द्यायला टाळाटाळ झाली तर मी सौदा सोडतो.

भारतात आणायला अडचण येते का?

त्सुबा म्हणजे शस्त्र नव्हे. जपानात पात्याला नोंदणीपत्र लागतं, सुट्या त्सुबेला लागत नाही. आयात शुल्काचे नियम बदलतात, पाठवणाऱ्याकडून वस्तूचं वर्णन आणि वय नीट लिहून घ्या. एक लक्षात ठेवा: आपल्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यात पुरावशेषाची मर्यादा १०० वर्षांची आहे, आणि पुरावशेष परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. परत जपानात नेऊन विकायचा विचार असेल तर वस्तू तिथेच ठेवलेली बरी.

डोळा तयार करायला कुठे पाहू?

तोक्योत र्‍योगोकूचं तलवार संग्रहालय, नागोयाचं तोकुगावा कला संग्रहालय. इकडे हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात सामुराई तलवारी आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातल्या जपानी वस्तू आहेत. तिथे जपानी हाताचं बारीक काम कसं दिसतं याची सवय होते. मात्र काचेआडून भोकाच्या भिंती दिसत नाहीत. त्यासाठी बाजारात जाऊन स्वस्तातल्या, मोडक्या, बिनसहीच्या त्सुबा हातात घ्याव्या लागतात.

माझ्या त्सुबेतलं शिसं काढून टाकून ती मूळ रूपात आणू का?

काढू नका. शिसं काढलं की खालची भिंत कोरी, उजळ निघते, आणि पुढच्या माणसाला वाटतं भोक काल पाडलं. नक्षीचा कापलेला भाग काही परत येत नाही. माझ्या प्लमच्या त्सुबेतही डावीकडचं भोक शिशाने बुजवलेलं आहे. शिशाच्या मधोमध एक आडवा ओरखडा आहे, जुना, राखाडी पडलेला. कोणत्या वस्तूचा असेल, मला अजून उलगडलेलं नाही. दर पावसाळ्याआधी ती काढतो, कोरड्या सुती फडक्याने पुसतो, आणि तो ओरखडा पुन्हा एकदा भिंगाखाली धरतो.